पर्यावरण कर आणि निर्देशक : इंदूरच्या वाचकांकडून वारंवार येणारे प्रश्न

इंदूरच्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर इथल्या मराठी मंडळींसमोर या विषयावर बोलू लागले आणि तेव्हापासून फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, अगदी लग्नाच्या पंगतीतही तेच ते प्रश्न येत राहतात. सर्वांत जास्त वेळा आलेले इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत. जे एका उत्तरात येऊन गेलं ते दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ताई, पर्यावरण कर म्हणजे नेमकं काय? नावात ‘ग्रीन’ असलं की झालं का?

नावावरून काहीच ठरत नाही. कर कशाच्या मापावर घेतला जातो ते पाहायचं. ज्या गोष्टीने पर्यावरणाची हानी होते हे सिद्ध झालंय, तिच्या टनावर, लिटरवर किंवा युनिटवर बसवलेला कर तो पर्यावरण कर. युरोपीय संघाची आणि संयुक्त राष्ट्रांची आकडेवारी याच व्याख्येवर चालते. त्यात चार गट धरतात: ऊर्जा, वाहतूक, प्रदूषण आणि नैसर्गिक संसाधनं.

गोळा झालेला पैसा झाडं लावायला गेला की पगाराला, याचा व्याख्येशी संबंध नाही. हे अनेकांना पटत नाही, म्हणून उलट बाजूने सांगते. समजा सगळ्यांच्या उत्पन्नावर एक टक्का जादा घेतला आणि तो संपूर्ण वृक्षारोपणावर खर्च केला. काम चांगलं झालं. पण तुमची गाडी, तुमचा गिझर, कारखान्याचा बॉयलर यांतलं काहीच बदलायचं कारण कुणाला मिळालं नाही.

मूळ विचार इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये मांडला. कारखान्याच्या धुराने शेजारच्या वस्तीत खोकला वाढतो. औषधाचा खर्च वस्ती करते आणि कारखान्याच्या खातेवहीत त्याची ओळही नसते. ती ओळ कारखान्याच्या वहीत आणायची, एवढंच या कराचं काम.

२. कर, सेस, शुल्क आणि दंड हे सगळे पैसेच ना? मग फरक कशाला करायचा?

खिशातून जाताना सारखेच दिसतात, पण प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे. कराच्या बदल्यात तुम्हाला ठरावीक सेवा मिळेल अशी हमी नसते. शुल्क सेवेचं असतं. कचरा उचलला, त्याचे पैसे. उपकर, म्हणजे सेस, हा विशिष्ट कामाचं नाव सांगून घेतलेला कर. केंद्राने लावलेला सेस राज्यांमध्ये वाटावा लागत नाही, म्हणून केंद्राला तो सोयीचा वाटतो. दंड मात्र नियम मोडल्यावरच येतो.

धोरण म्हणून यातला शेवटचा फरक सगळ्यांत मोठा आहे. दंड मर्यादेच्या पलीकडे लागतो. मर्यादेच्या आत राहून तुम्ही कितीही धूर सोडा, दंड शून्य. कर पहिल्या किलोपासून लागतो. त्यामुळे मर्यादेच्या आत असलेल्यालाही आणखी कमी करण्यात फायदा दिसतो.

३. भारतात खरा पर्यावरण कर कधी होता का?

होता, आणि त्याची गोष्ट माहीत असायला हवी. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. २०१४ मध्ये तो १०० रुपये झाला, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. खाणीतला असो की बंदरावर उतरलेला, प्रत्येक टनाला सारखा दर. पहिल्या प्रश्नातल्या व्याख्येत तो नीट बसत होता.

पैशाचं मात्र बिनसलं. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात या उपकरातून सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत त्यांतले सुमारे २९,६४५ कोटी गेले, आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना मिळाले सुमारे १५,९११ कोटी. मग २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हेच ४०० रुपये भरपाई उपकरात, म्हणजे जीएसटीमुळे राज्यांना येणारी तूट भरून देण्याच्या उपकरात, वळवले गेले. दर तोच राहिला, हेतू बदलला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून हा उपकरही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. ‘मग कर वाढलाच की,’ असं मला कितीतरी जण म्हणाले. कागद-पेन घ्या. सोयीसाठी दोन भाव धरू. ३,००० रुपये टनाच्या कोळशावर आधी ४०० अधिक १५०, म्हणजे ५५० रुपये लागायचे; आता ५४०. जवळपास तेवढेच. पण १,००० रुपये टनाच्या हलक्या कोळशावर आधी ४५० लागायचे, आता १८०. हलक्या कोळशात राख जास्त आणि उष्णता कमी, म्हणजे तेवढ्याच विजेसाठी तो जास्त जाळावा लागतो. नेमका त्याच्यावरचा बोजा सगळ्यांत जास्त उतरला. मापावरचा कर किमतीवर नेला की असं होतं. करप्रणाली सुटसुटीत झाली हे मान्य, पण माझ्या मते पर्यावरणाच्या दृष्टीने आपण एक चांगलं हत्यार हातातून सोडलं.

४. पेट्रोलवर एवढा कर देतो, तो पर्यावरण कर धरायचा की नाही?

अर्धा. केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपये असतं, म्हणून ते ऊर्जा करात मोजलं जातं. राज्याचा व्हॅट मुख्यतः किमतीच्या टक्क्यावर असतो आणि व्हॅटसारखे सर्वसाधारण कर पर्यावरण करांच्या आकडेवारीत धरत नाहीत. सरकारने तो पर्यावरणासाठी लावलेला नव्हता हे खरं. पण व्याख्या हेतू विचारत नाही, माप विचारते.

मला इथे जास्त महत्त्वाची वाटते ती तुलना. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो; पुढे नुसतं ‘कार्बन’ म्हटलं की तोच समजा. म्हणजे लिटरमागे प्रत्येक १० रुपये कर हा कार्बनच्या टनामागे सुमारे ४,३०० रुपये होतो. एक टन कोळशातून दीड टनाहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे कोळशावरचा ४०० रुपयांचा तो उपकर कार्बनच्या टनामागे जेमतेम २५० रुपये पडत होता. वातावरणाला दोन्ही टन सारखेच, आपल्या करप्रणालीला मात्र नाहीत. पालासियाच्या चौकात स्कूटर थांबवून पेट्रोल भरणारा माणूस कार्बनची जी किंमत देतो, तिच्या जवळपासही मोठा बॉयलर कधी आला नव्हता.

५. कचरागाडीचे दर महिन्याला पैसे देतो. आम्ही कचरा कमी केला तर पैसे कमी का होत नाहीत?

कारण ते शुल्क वस्तीप्रमाणे ठरावीक आहे, कचऱ्याच्या वजनावर नाही. त्यातून सेवेचा खर्च निघतो, वागणं बदलत नाही. गेल्या वर्षी मी महिनाभर घरचा ओला कचरा वजनकाट्यावर ठेवून लिहून काढला. दोन माणसांचा दिवसाला सरासरी पाऊण किलो. शेजारच्या सात जणांच्या घरातून माझ्या चौपट निघत असेल, पैसे आम्ही सारखेच देतो.

वजनावर शुल्क घेता येतं. दक्षिण कोरियाने १९९५ मध्ये ठरावीक पिशव्या विकत घेऊन त्यातच कचरा द्यायची पद्धत आणली, आणि २०१३ पासून सेऊलमध्ये खरकटं वजन करून त्याप्रमाणे पैसे घेतले जातात. धोका एकच: पैसे वाचवायला लोक कचरा नाल्यात टाकतात.

इंदूरला हे जमेल असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे सहा प्रकारांत कचरा वेगळा करायची सवय घराघरांत रुजली आहे आणि ओल्या कचऱ्याला किंमत आहे. देवगुराडियाचा रोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प त्यापासून गॅस बनवतो. उघड्यावर कचरा टाकला तर शेजारीच हटकतात. इतकी तयारी असलेलं दुसरं शहर मला देशात दिसत नाही. सुरुवात घरांपासून नको, मंगल कार्यालयं आणि मोठ्या हॉटेलांपासून व्हावी. तिथे वजन करणं सोपं आणि नासाडी सगळ्यांत जास्त.

६. असे कर शेवटी गरिबाच्याच डोक्यावर बसणार ना?

आखणी निष्काळजी असेल तर हो. डिझेल महागलं की भाजी महागते, आणि गरीब घरात मिळकतीचा मोठा वाटा भाजी-धान्यावरच जातो. फ्रान्समध्ये २०१८ मध्ये इंधनावरचा कर वाढवत नेताना गावाकडच्या, गाडीवाचून पर्याय नसलेल्या माणसांचा विचार झाला नाही. पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला वाढ थांबवावी लागली.

पण पैसा परत देता येतो. स्वित्झर्लंडने २००८ पासून घर तापवण्याच्या इंधनावर कार्बन आकार घेतला. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग लोकांना आणि उद्योगांना परत जातो. लोकांचा वाटा माणशी सारखा, आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वजा होऊन. मोठ्या बंगल्याने जास्त भरलं, छोट्या घराने कमी. परत मात्र दोघांना सारखं मिळालं. म्हणजे छोट्या घराच्या हातात उलट चार पैसे उरतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये कार्बन कर लावताना आयकर कमी केला आणि कमी मिळकतीच्या घरांना थेट रक्कम दिली. तरीही एप्रिल २०२५ मध्ये तो ग्राहकांवरचा कर रद्द झाला. हे मी मुद्दाम सांगते, कारण परतावा मिळूनही लोकांना पंपावरचा आकडा दिसतो, परतावा दिसत नाही. तो दिसेल अशा रीतीने द्यायला हवा, आपल्याकडे तर थेट बँक खात्यात.

दर पाहून माणसं वागणं बदलतात का, अशी शंका असेल तर आपल्याच शहरात पाहा. विजेचा वापर महिन्याला १५० युनिटांच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांना १०० रुपये, या सवलतीने घराघरांत रीडिंगची तारीख पाठ झाली. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कूलर बंद करून पंखा लावणारी घरं मला माहीत आहेत. दराची खूण समजायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

७. प्रदूषण कमी झालं की कर आटेल. मग सरकार चालवायचं कशावर?

आयर्लंडने मार्च २००२ मध्ये प्लास्टिकच्या पिशवीवर १५ सेंट लावले आणि पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. त्या करातून फार मोठी रक्कम येत नाही, पण तिथे कर जिंकला असंच मी म्हणेन. मात्र पेट्रोलसारख्या मोठ्या उत्पन्नाच्या करावर राज्याचा गाडा चालत असेल आणि विजेच्या गाड्या वाढत असतील, तर अर्थखात्याने आजच दुसरी सोय पाहायला हवी. तिथे किलोमीटरवर किंवा गर्दीच्या रस्त्यावर आकार घेण्याचा मार्ग उरतो. लंडनने २००३ मध्ये, स्टॉकहोमने २००७ पासून कायमचा तो घेतला.

८. निर्देशक आणि निर्देशांक एकच का?

नाही. निर्देशक म्हणजे एका गोष्टीचं माप: हवेतला पीएम २.५ (म्हणजे श्वासातून आत जाणारे अतिसूक्ष्म कण), विहिरीची पातळी, माणशी कचरा. निर्देशांक म्हणजे अशी अनेक मापं ठरावीक वजनं देऊन एका आकड्यात बांधलेली मोळी. मोळी उचलायला सोपी, पण आत कुठली काठी कुजकी आहे ते बाहेरून दिसत नाही. प्रश्न १० आणि १२ पाहा.

९. जीडीपी वाढतोय म्हणजे देश पुढे चाललाय. त्यात पर्यावरण का आणायचं?

आमच्या कॉलनीचं उदाहरण घ्या. दहा वर्षांपूर्वी बोअरचं पाणी होतं, त्याची किंमत शून्य, म्हणून त्याची नोंदही शून्य. बोअर आटली, टँकर आले. टँकरचं भाडं, डिझेल, चालकाचा पगार हे सगळं जीडीपीत जमा झालं. पाणी गेलं आणि हिशेबात आम्ही श्रीमंत झालो! जीडीपी खोटं बोलत नाही; उलाढाल मोजतो, शिल्लक मोजत नाही. ज्यांनी राष्ट्रीय उत्पन्नाचं मापन बसवलं त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये बजावलं होतं की एवढ्यावरून राष्ट्राचं कल्याण ठरवू नका.

शिल्लक मोजायची पद्धत आता आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०१२ मध्ये पर्यावरण-आर्थिक लेख्यांची चौकट स्वीकारली. त्यात जंगल, पाणी, खनिज यांची वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, वापर आणि अखेरची शिल्लक असं खातं मांडतात, आपल्या किराणा दुकानाच्या स्टॉक बुकासारखं. भारतात सांख्यिकी मंत्रालय २०१८ पासून असे अहवाल काढतं. त्याआधी पार्थ दासगुप्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने आपल्या राष्ट्रीय लेख्यांत निसर्ग कसा आणायचा याचा आराखडा दिला होता. आता जिल्ह्याच्या पातळीवर, दरवर्षी, अर्थसंकल्पाच्या आधी हे खातं समोर यावं असं मला वाटतं. नाहीतर कर कशावर आणि किती लावायचा हे ठरवायला आधारच नाही.

१०. आपलं इंदूर स्वच्छतेत पहिलं, मग आमची बोअर एप्रिलमध्येच का आटते?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, बहुतेक वेळा रागाने, आणि तो राग मला समजतो.

२०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर सतत पहिलं राहिलं. ट्रेंचिंग ग्राउंडचा कचऱ्याचा डोंगर उपसून जमीन मोकळी केली. २०२२ मध्ये सिरपूर तलाव आणि यशवंत सागर आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले, २०२५ मध्ये उदयपूरबरोबर इंदूरला पाणथळ शहराची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. यातलं काहीही खोटं किंवा दिखाऊ नाही. सफाई कामगारांचे कष्ट मी रोज पहाटे पाहते.

पण सर्वेक्षण जे विचारतं त्याचंच उत्तर ते देतं. कचरा उचलला का, वेगळा केला का, सांडपाणी शुद्ध झालं का. जमिनीखाली पाणी किती उरलं हे त्या प्रश्नपत्रिकेत मुख्य नाही. त्यासाठी वेगळा निर्देशक आहे. केंद्रीय भूजल मंडळ दर वर्षी किती पाणी मुरलं आणि किती उपसलं याची टक्केवारी काढतं. ७० टक्क्यांपर्यंत सुरक्षित, ९० पर्यंत अर्धचिंताजनक, १०० पर्यंत चिंताजनक, त्यापुढे अतिशोषित. इंदूर अतिशोषित गटात मोडतं. म्हणजे दर वर्षी मुद्दलातून खातोय.

एका विषयात पहिला आलेला मुलगा गणितात नापास असू शकतो. पहिल्या नंबरचं बक्षीस काढून घ्यायचं नाही, गणिताची शिकवणी लावायची. ती शिकवणी म्हणजे दराची खूण. आज बहुतेक घरगुती नळांना मीटर नाही, महिन्याचा दर ठरावीक. बोअर उपसायला तर विजेशिवाय काही लागत नाही. आणि नळाचं पाणी १९७८ पासून नर्मदेवरून, जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर लांबून डोंगर चढवून येतं. त्या प्रत्येक लिटरमागे वीज जळते. जे इतकं महाग पडतं ते आपल्याला मापाशिवाय मिळतं, म्हणून त्याची काळजी कुणालाच वाटत नाही.

११. मोबाइलवर एक्यूआय ‘समाधानकारक’ दाखवतो. मग बाबांना दम का लागतो?

भारताचा हवा गुणवत्ता निर्देशांक २०१४ मध्ये आला. आठ प्रदूषकांपैकी ज्याची स्थिती सगळ्यांत वाईट, त्याचाच आकडा दिवसाचा आकडा धरतात. पद्धत चांगली आहे, पण पायऱ्या आपल्या मानकांवर आहेत. चोवीस तासांत पीएम २.५ घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असेल तर ‘समाधानकारक’. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ ची. म्हणजे ५० असताना मोबाइल हिरवा आणि बाबांची छाती भरलेली, दोन्ही खरं. दम्याच्या माणसाने रंग सोडून पीएम २.५ चा मूळ आकडा पाहावा आणि डॉक्टरांना विचारून ठरवावं.

दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांमध्ये स्वच्छ वायू सर्वेक्षणात २०२३ आणि २०२५ मध्ये इंदूर पहिलं आलं, तेव्हाही हाच प्रश्न आला होता. त्या सर्वेक्षणात शहराने केलेल्या उपायांनाही गुण असतात, नुसत्या हवेला नाही.

१२. एका जागतिक यादीत भारत १८० पैकी १८० वा होता. लाज वाटावी की यादी फाडावी?

दोन्ही नको. येल आणि कोलंबिया विद्यापीठांच्या २०२२ च्या पर्यावरण कामगिरी निर्देशांकाच्या यादीत तसा क्रमांक होता. आपल्या पर्यावरण मंत्रालयाने आक्षेप घेतले आणि त्यातला एक मला वजनदार वाटतो: २०५० मधलं उत्सर्जन किती असेल याचा अंदाज गेल्या दहा वर्षांच्या चढावरून बांधला होता आणि त्याला मोठं वजन दिलं होतं. जो देश नुकता वीज घराघरांत पोचवतोय त्याचा चढ मोठाच दिसणार. माणशी उत्सर्जनाला वजन दिलं असतं तर क्रम बदलला असता. पण त्याच यादीतल्या हवेच्या आकड्यांशी भांडायला जागा नाही, ते वाईटच आहेत. मोळी सोडून काठ्या पाहाव्यात, हे प्रश्न ८ मध्ये म्हटलंच आहे.

१३. माझी सतरा वर्षांची मारुती वर्षाला दोन हजार किलोमीटरही चालत नाही. मला जास्त फी का?

एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती आणखी वाढवली गेली. तुमची तक्रार रास्त आहे. ही फी गाडीच्या वयावर आहे, धुरावर नाही. एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ गाड्यांपेक्षा जुनी गाडी किलोमीटरमागे जास्त प्रदूषण करते, हेही खरं. पण न चालणारी गाडी करत नाही. दर वर्षी प्रत्येक गाडीचा धूर आणि धाव मोजणं अवघड म्हणून वयाचा सोपा आडाखा घेतला. आडाख्यात तुमच्यासारखे चुकून सापडतात. पीयूसी तपासणी विश्वासार्ह झाली आणि तिला ओडोमीटरची नोंद जोडली, तर फी धावेवर नेता येईल.

१४. शेतकऱ्याच्या पंपाची वीज स्वस्त आहे. तिच्यावर कर लावायचा म्हणता का?

नाही. सवलत हा उलटा कर असतो, एवढं आधी मान्य करू. मध्य प्रदेशात पंपाला हॉर्सपॉवरप्रमाणे वर्षाचा ठरावीक दर आहे; एकदा भरला की पुढचा प्रत्येक तास फुकट, म्हणून पंप रात्रभर चालतो. पण ही सवलत एका फटक्यात काढणं म्हणजे सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी शेतकऱ्याला विहिरीत ढकलणं.

पंजाबने २०१८ मध्ये दुसरी वाट काढली. ठरवून दिलेल्या कोट्यापेक्षा कमी वीज वापरली तर वाचलेल्या युनिटमागे ४ रुपये शेतकऱ्याच्या खात्यात. सवलत तशीच, पण आता वाचवण्याला भाव आला. देपालपूर, सांवेरकडे एखाद्या फीडरवर, म्हणजे पंपांना वीज देणाऱ्या एखाद्या वाहिनीवर, हे करून पाहावं, असं मी प्रत्येक व्याख्यानात सांगते.

१५. इंदूर महापालिका स्वतःचा कार्बन कर लावू शकते का? आणि तो ग्रीन बॉण्ड म्हणजे करच होता ना?

कार्बन कर नाही. राज्यघटनेच्या कलम २६५ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता येत नाही, आणि कलम २४३ एक्स प्रमाणे पालिकेला कुठले कर लावता येतील हे राज्याचा कायदा ठरवतो. पालिकेच्या हातात आहे ते संपत्ती करात सूट देणं (पुण्याचे आपले नातेवाईक त्याला घरपट्टी म्हणतात), पाण्याचे आणि कचऱ्याचे दर मापावर आणणं, पार्किंगचे पैसे जागेप्रमाणे घेणं. एवढंही पुष्कळ आहे.

ग्रीन बॉण्ड हे कर्ज. फेब्रुवारी २०२३ मध्ये पालिकेने ८.२५ टक्के व्याजाने २४४ कोटी रुपये सर्वसामान्य गुंतवणूकदारांकडून उभे केले, जलूदला ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी. नर्मदेचं पाणी उपसण्याचं वीजबिल कमी करून ते फेडायचं, असा हिशेब. मी स्वतः थोडे घेतले. पण कर्जाने पंप स्वच्छ विजेवर चालेल. नळ उघडा ठेवणाऱ्याला त्यातून कसलीही खूण मिळत नाही.

१६. पीथमपूरला आमचं नट-बोल्टचं युनिट आहे, माल जर्मनीला जातो. युरोपचा कार्बन कर आम्ही भरायचा का?

भरणार तुमचा तिथला आयातदार, पण भाव तुमच्याकडून पाडून घेईल. सीबॅम नावाच्या या व्यवस्थेत ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देणं सुरू झालं आणि १ जानेवारी २०२६ पासून खरा आकार लागू झाला. लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज यांना तो लागतो. नट, बोल्ट, स्क्रू यादीत आहेत. वर्षभरात एकूण ५० टनांपेक्षा कमी असा माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे, तेव्हा आधी तुमच्या ग्राहकाला त्याचा एकूण आकडा विचारा.

गुंतागुंत पुढे आहे. मूळ देशात कार्बनची किंमत भरली असेल तर ती वजा मिळते. ‘आम्ही कोळशावर १८ टक्के जीएसटी भरतो’ हे सांगून ती वजावट मिळणार नाही, कारण तो किमतीवरचा कर आहे आणि उद्योगाला इनपुट क्रेडिटमधून परत मिळतो. प्रश्न ३ मधला बदल इथे येऊन टोचतो. भारताची कार्बन क्रेडिट व्यापार योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली. तिच्यातून भरलेली किंमत युरोपने मान्य करणं हाच आपला रस्ता आहे, नाहीतर तोच पैसा इथल्या तिजोरीऐवजी तिथल्या तिजोरीत जातो. तोवर दर टन मालामागे किती वीज, किती गॅस, कुठलं पोलाद याची नोंद ठेवा. मोजलेला आकडा नसला तर ठोकळ, चढा आकडा धरला जातो.

१७. मी बडोद्याची आहे. आमच्या गुजरातेत सुरतला प्रदूषणाचा बाजार आहे म्हणतात. कर बरा की बाजार?

२०१९ मध्ये सुरतच्या कारखान्यांसाठी धुरातल्या सूक्ष्म कणांचा परवाना-बाजार सुरू झाला, अशा कणांसाठी जगातला पहिला. एकूण किती कण सोडायचे ती कमाल मर्यादा सरकारने ठरवली. ज्याने कमी सोडले त्याने परवाने विकले. उत्सर्जन २० ते ३० टक्के कमी झालं. करात किंमत पक्की आणि प्रमाण अनिश्चित. बाजारात प्रमाण पक्कं आणि किंमत अनिश्चित. दोन्हीला धुराड्यावर चोवीस तास मोजणारं यंत्र लागतं, आणि सुरतेचं खरं यश मला त्या यंत्रांत दिसतं.

स्वीडनने १९९२ मध्ये तिसरंच केलं. मोठ्या बॉयलरांकडून नायट्रोजन ऑक्साइडच्या किलोवर आकार घेतला आणि जवळजवळ सगळा पैसा त्याच कारखान्यांना परत दिला, निर्माण केलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात. धुरकट कारखान्याचा पैसा स्वच्छ कारखान्याकडे गेला, सरकारकडे नाही. उद्योगांचा विरोध मोडायचा असेल तर मी हाच नमुना आधी समोर ठेवीन.

१८. मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी घरच्या घरी मोजता येईल असा निर्देशक सुचवाल का?

माणशी महिन्याचा कार्बन. विजेच्या बिलातली युनिटं गुणिले ०.७ किलो. पेट्रोलचे लिटर गुणिले २.३, डिझेल असेल तर २.७. घरगुती सिलिंडर एकाला ४२ किलो, तो जितके महिने चालतो त्याने भागून. समजा २०० युनिटं, २० लिटर पेट्रोल आणि सिलिंडर दीड महिना, तर १४० अधिक ४६ अधिक २८, म्हणजे २१४ किलो. घरात चौघं असतील तर माणशी साधारण ५४. बारा महिन्यांचा तक्ता करा, म्हणजे मे आणि जुलैमधला फरक दिसेल. तिला आणखी एक रकाना करायला सांगा: याच कार्बनवर टनामागे २,००० रुपये कर असता तर आपल्या घराला महिन्याला किती पडला असता. वरच्या उदाहरणात ४२८ रुपये. मग ती रक्कम घेऊन तिने घरातल्यांना विचारावं की यातलं काय कमी करता येईल, आणि प्रत्येकाचं उत्तर तक्त्याखाली लिहून काढावं.